पळसदऱ्याची तखतकंवर

तुमच्या लेकीचं नाव ठेवताना तुम्ही कोणाची परवानगी काढली होती? पाळण्याला फुलं बांधली, आत्यानं कानात कुर्र केलं, घुगऱ्या वाटल्या, झालं. आवडलं म्हणून ठेवलं. असंच ना? मग ऐका. उमरखेडच्या वरच्या अंगाला माळावर पळसदऱ्याचा बंजारा तांडा आहे. तिथल्या रुपीबाईनं पोरीला आवडलं ते नाव ठेवलं, आणि अख्खा तांडा तिच्या अंगावर आला.

रुपी अंगानं काटक, बोलायला फटकळ. हातात कोपरापर्यंत पांढऱ्या बांगड्या, कपाळावर उन्हाची कायमची आठी. तिचे आजे-पणजे बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूख पालथा घालायचे. पुढं आगगाडी आली, बैलांचं काम गेलं, आणि फिरणारी माणसं या माळावर झोपड्या घालून राहिली. स्वतःची जमीन थोड्यांकडं. बाकीचे आसपासच्या कुणबी शेतकऱ्यांच्या वावरात कापूस वेचायला जायचे. रुपी त्यातली. नवरा नेमसिंग वर्षातले बरेच महिने तिकडं राजूरला, कोळशाच्या खाणीत. घरी आला की खोकायचा आणि झोपायचा.

रुपीच्या दोन पोरी मातीत गेल्या होत्या. पहिलीचं नाव कचरी. दुसरीचं धोंडी. ही नावं कोणी रागानं ठेवली नव्हती. तांड्यातच काय, गावागावात हा रिवाज होता आणि आहे. घरात, भावकीत लेकरं जगत नसली की पुढच्याचं नाव घाण ठेवायचं. मरण दारात आलं, हाक ऐकली, तर त्याला वाटावं, कचराच आहे, कशाला उचला. मोठ्या मायेनं पोरीला कचरा म्हणायचं! धोंडीसुद्धा रांगायला लागली तेव्हाच गेली. नावाचा मरणाला काही घोर नव्हता.

ज्या साली आपला यवतमाळ जिल्हा मध्य प्रदेशातून उठून मुंबई राज्यात गेला, त्या सालच्या हिवाळ्यात तांड्यात सेवादास ढाडी आला. ढाडी म्हणजे तांड्यांचा गाणारा. कोणत्या कुळाचा मूळपुरुष कोण, तो कोणत्या राजाच्या फौजेला रसद पुरवायचा, हे सगळं त्याला पाठ. नायकाच्या ओट्यावर बसून त्यानं पूनमसिंग नायकाच्या सात पिढ्या गायल्या. सातही पिढ्यांत पुरुषच पुरुष. जणू ते एकमेकांच्या पोटी जन्मले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी ढाडी विहिरीवर तोंड धूत होता. रुपी घागर भरायला आली होती. सातवा महिना चालू होता.

"ढाडीबाबा, एक विचारू?" तांड्यातलं बोलणं गोरबोलीतलं, म्हणजे बंजाऱ्यांच्या भाषेतलं; तुम्हाला समजावं म्हणून इथं ते वऱ्हाडीत मांडलं आहे. "त्या राजाइले बायका होत्या का नाई?"

"हे काय विचारणं झालं व?"

"मंग त्याइची नावं काहून नाई गात तुमी?"

ढाडी खो खो हसला. "कोणी इचारतच नाई, बाई. राण्याइची नावं मले बापानं शिकवली, पण गायले कोणी सांगत नाई. घे, ऐक. पदमकंवर, म्हंजे कमळासारखी राजाची लेक. जसकंवर, जिच्या मांगं जस, म्हंजे यश चालते, थे. उमादे. हे 'दे' म्हंजे देवी, राणीच्या नावामांगं लावतात. रूपादे, रूपाची राणी. तुहं नाव थेच हाये, घासून घासून रुपी झालं."

रुपीनं घागर खाली ठेवली. आपल्या नावाला अर्थ असतो हे तिला कोणी सांगितलंच नव्हतं. तिनं लाजून पदर तोंडावर घेतला, आणि लगेच काढला.

"अजून सांगा. सगळ्याइत मोठं कोणतं?"

"तखतकंवर," ढाडी म्हणाला. "राजाची लेक, पण नुसती महालात बसणारी नाई. तखतावर बसाले जन्मलेली. नायकाच्या घराण्यात वरच्या पिढीत एक होती म्हणतात. नायकापुढं बोलू नको हं, गाण्यात घेतली नाई तिले."

रुपी पोटावर हात ठेवून झोपडीकडं गेली. रस्ताभर ओठ हलत होते.

पोरगी पौषात झाली. सासू सुखीबाईनं नाव तयारच ठेवलं होतं, उकंडी. उकंड्यावर, म्हणजे उकिरड्यावर, लोळवून उचललेली. सुखीबाईचा त्यात काही वाईट हेतू नव्हता. तिला नात जगवायची होती, आणि तिच्या आजीनं तिला एवढंच औषध शिकवलं होतं.

"उकंडी नाई," रुपी म्हणाली. "तखतकंवर."

"काय?"

"तखतकंवर. तखतावर बसणारी."

"डोकं फिरलं का तुहं? दोन खाल्ल्या, तिसरीले बी खाशीन!"

"कचरी म्हणलं, गेली. धोंडी म्हणलं, गेली. बुढे, आता मरणाले कचरा कायले दाखवू? येन त येन. पण माही पोरगी कचरा म्हणून जानार नाई."

नेमसिंग खाणीवरून आला होता. त्यानं दोघींकडं पाहिलं आणि बिडी पेटवली. "ठेव वं," एवढंच म्हणाला. त्याच्या आयुष्यात बायकोच्या बाजूनं उच्चारलेला बहुतेक तो एकच शब्द.

मग काय! तांड्याला तमाशा फुकट मिळाला. कापसाच्या वावरात बाया ओरडायच्या, "तखतकंवर बाईसाहेबांच्या आईसाहेब, वटी भरली का?" विहिरीवर एक म्हणाली, "तखत कुठं मांडलं वं, चुलीमांगं का बकरीच्या खुट्यापाशी?"

रुपी म्हणाली, "तुह्या नवऱ्याच्या डोक्यावर. रिकामंच हाये थे."

हसण्यावारी गेलं. पण पूनमसिंग नायकानं हसण्यावारी नेलं नाही. नायक म्हणजे तांड्याचा मालकच. न्याय त्याचा, बसायची पहिली जागा त्याची, आणि तांड्यातल्या दोनच बैलगाड्या, त्याही त्याच्याच गोठ्यात. त्यानं रुपीला ओट्यापुढं उभं केलं.

"हे नाव तुले कोणं सांगतलं?"

"आइकलं कुठंतरी."

"आमच्या घरचं नाव हाये थे. नेमसिंगच्या पोरीले कसं चालन? मोठं नाव पेलाले मोठं घर लागते. देवीले खपत नाई."

जिल्ह्यानं राज्य बदललं, मोठमोठे साहेब बदलले, पाट्या बदलल्या; कोणावर कोणती देवी कोपली नाही. कापूस वेचणाऱ्या बाईनं पोरीला राजलेक म्हटलं, तर लगेच कोप!

रुपीनं मान खाली घालून ऐकून घेतलं, घरी आली, आणि दारातूनच हाक मारली, "तखत! ए तखत!" नायकाच्या ओट्यापर्यंत जाईल एवढ्या मोठ्यानं.

पोरगी चालायला लागली. कानाशी दोन बटा, पोट पुढं, हातात सतत भाकरीचा तुकडा. आईच्या बांगड्या वाजल्या की कुठूनही धावत यायची. ती जगली म्हणून तांड्याची तोंडंही मिटत चालली होती. सुखीबाईसुद्धा कोणी जवळ नसलं की हळूच "तखू" म्हणायची.

दुसऱ्या भादव्यात ओढ्याला गढूळ पाणी आलं, विहिरीत उतरलं. तांड्यात हगवण-ओकारी सुरू झाली. एका सकाळी तखतलाही त्याच दुखण्यानं धरलं. पोटात थेंब ठरेना. ऊन चढेस्तोवर डोळे आत गेले, टाळू खोल बसली. नेमसिंग राजूरला. उमरखेड तीन कोस, आणि वाटेत गुडघाभर काळा चिखल. रुपी पोरगी खांद्यावर टाकून नायकाच्या दारात गेली.

"नायक बा, गाडी द्या. दवाखान्यात नेतो."

नायकानं पोरीकडं पाहिलं. तो दगड नव्हता. त्याचाही एक नातू याच दुखण्यात नुकताच गेला होता. पण भ्यालेला माणूस दगडापेक्षा वाईट.

"गाडी आत्ता जुंपतो," तो म्हणाला. "पण पयले नाव उतरव. त्या नावाची पोरगी माह्या गाडीत बसणार नाई. आधीच देवी तांड्यात फिरून राह्यली."

"पोरीत जीव नाई उरला बा. नाव येऊन उतरवतो."

"येऊन? मंग गाडी बी येऊनच जुंपू का?"

मागून सुखीबाई रडत आली. "उतरव वं रुपी, पाया पडतो तुह्या. घडीभराचं काम हाये."

रुपीला वाटलं, असू दे. तोंडदेखलं करू. नाव काय, तोंडात आहे. गाडी मिळाली की झालं.

नाव उतरवायचा रिवाज असा. पोर उकंड्यावर लोळवायचं, सुपात घालून ओढायचं, आणि दुसऱ्या बाईला मूठभर कोंड्यावर विकायचं. विकलं की ते आपलं उरत नाही, मरणाचा हिशेब चुकतो. दुखणं हटलं की नारळ आणि खण देऊन परत आणायचं. नायकाच्या धाकट्या भावाची बायको लालीबाई पुढं झाली. तिला मूलबाळ नव्हतं. नायकाच्या घरात तिची जागा पाणी भरणारीची.

रिमझिम पाऊस होता. रुपीनं आपल्या हातानं पोरगी ओल्या शेणावर ठेवली. पोरगी आईच्या बांगड्यांना धरून राहिली होती, ती बोटं एकेक करून सोडवावी लागली. सुपात घातली, ओढली. लालीबाईनं रुपीच्या पदरात कोंडा टाकला आणि पोरगी उचलली. सुखीबाई ओरडली, "कोंडी! आजपासून कोंडी!"

रुपीनं कोंडा तिथंच झटकला आणि नायकाकडं वळली. "झालं. जुंपा आता."

नायक म्हणाला, "पोरगी आता लालीची. लाली, काय करतं, सांग. नेतं का दवाखान्यात?"

रुपी या रिवाजात जन्मली, वाढली. चार लेकरं विकताना आणि आणताना तिनं पाहिली होती. पण तिला हे सुचलंच नव्हतं. घाईत तिनं तो रिवाज तोंडदेखला धरला आणि तांड्यानं तो खरा धरला.

लालीबाई पोरीला छातीशी धरून उभी होती. आयुष्यात पहिल्यांदा तिला कोणी काही विचारलं होतं. ती पोरीच्या तोंडाकडं पाहत राहिली.

"दवाखान्यात सुया टोचतात म्हणे," ती हळूच म्हणाली. "न् पाह्य ना रुपी, वांती थांबली. नाव उतरलं न् वांती थांबली. सांजेलोक, दिवस बुडेस्तोवर पाहू."

"थांबली नाई वं लाली! आंगात पाणीच नाई राह्यलं. रडून राह्यली थे पाह्य, डोळ्यात टिपूस नाई. दे इकडं!"

रुपीनं हात पुढं केला. सुखीबाईनं तो मधेच धरला. "हिसकू नको! विकलेलं पोर मायनं हिसकलं त थे बी जाते न् पुढचं बी जाते!"

आणि रुपीचा हात थांबला.

आता तांड्यातले लोक सांगतात, रुपी वाघीण होती. त्या दिवशी नव्हती. दोन पोरी पुरलेली बाई होती ती. अर्धं मन म्हणत होतं, हे सगळं थोतांड आहे, उचल आणि पळ. अर्धं म्हणत होतं, खरं असलं तर? त्या 'तर'पाशी ती दुपारभर बसून राहिली, लालीच्या दारासमोर, पावसात. लाली आत पोरीला बोटानं तूप चाटवत होती, देवीला नवस बोलत होती. बाया येत होत्या, डोकावत होत्या, "निजली वाटते" म्हणून जात होत्या.

दिवस कलला तशी लाली दारात आली. तोंड पांढरं पडलं होतं.

"रुपी, हात थंड झाले वं तिचे."

मग तिनं कोणाला विचारलं नाही. पोरगी रुपीच्या मांडीवर टाकली आणि गोठ्यात जाऊन स्वतः बैल सोडले. नायक धावत आला. "लाली! कोणाले इचारून?"

लालीनं घुंगट मागं सारला. जेठासमोर, थोरल्या दिरासमोर, ती उघड्या तोंडानं कधीच उभी राहिली नव्हती. "पोरगी माही हाये ना? तुमीच म्हणलं. मंग माही पोरगी गाडीत बसन. जुंपू लागा, नाई त बाजूले व्हा."

नायक बाजूला झाला नाही. त्यानं जू उचललं. गाडी त्यानंच हाकली, बैलांच्या शेपट्या पिळत, चिखलात उतरून स्वतः चाकाला खांदा लावत. हेही सांगितलं पाहिजे, नाहीतर तुम्ही म्हणाल, एका दुष्ट माणसाची गोष्ट आहे. दुष्ट कोणीच नव्हतं. म्हणूनच चीड येते.

उमरखेडची घरं दिसायला लागली तेव्हा रुपीच्या मांडीवरचं ओझं बदललं. तिला कळलं. नायकानं मागं वळून पाहिलं, बैल थांबवले.

"फिरवू का?" त्यानं विचारलं.

"नाई. दवाखान्यात न्या. काय झालं थे आइकू द्या."

डॉक्टरानं पोरीची पापणी उघडली, मिटली. "अंगातलं पाणी संपलं होतं बाई. सलाईन लावलं असतं. सकाळी का नाही आणली?"

नायक दाराच्या चौकटीला टेकून उभा होता. त्यानं ते शब्द रुपीएवढेच स्पष्ट ऐकले.

लहान लेकराला जाळत नाहीत, पुरतात. दुसऱ्या दिवशी पळसांच्या खाली खड्डा केला. रिवाजाप्रमाणं पहिली माती लालीबाईची, कारण पोरगी तिनं घेतली होती आणि नारळ-खण घेऊन परत दिली नव्हती. लालीनं मूठ भरली आणि थांबली.

"रुपी, कोणतं नाव घेऊ?"

सुखीबाई पुटपुटली, "कोंडी म्हण, कोंडी."

रुपी म्हणाली, "तखतकंवर म्हण. तखतावर बसाले जन्मलेली, असा अर्थ हाये त्याचा. अर्थ बी सांग. मातीले समजू दे, कोण आलं थे."

लालीनं नाव घेतलं, अर्थासकट, सगळ्यांच्या देखत. मग माती टाकली.

त्या आठवड्यात नायकानं तांडा जमवला आणि सांगितलं, नाव उतरवायला उशीर झाला, म्हणून पोरगी गेली. दवाखान्याच्या दारात जे ऐकलं ते त्यानं गिळलं. दुसरं काही बोलला असता तर त्या सकाळचा दोष त्याच्या दारी आला असता. तांड्यानं माना हलवल्या. पुढं कोणत्याही बाईनं पोरीला राणीचं नाव ठेवलं नाही. सेवादास ढाडी पुन्हा आला तेव्हा त्यालाही गप्प राहायला सांगितलं.

रुपीला पुढं दोन मुलगे झाले. होळीला त्यांचा धुंड झाला. नव्या जन्मलेल्या मुलाच्या नावानं काठ्या वाजवत, गाणी म्हणत तांडा दारात नाचतो, तो हा सण. मुलीचा धुंड नसतोच. रुपी त्या दिवशी लापशी रांधायची, वाढायची, आणि गाण्याच्या वेळी लालीबाईच्या झोपडीत जाऊन बसायची. एक पोरगी दोघींची गेली होती.

महाराष्ट्र झाल्यावर दोन-तीन वर्षांनी, पेरणीच्या दिवसांत, तांड्यातल्याच चंदाबाईची पोरगी त्याच दुखण्यात पडली. चंदाबाई गाडी मागायला गेली. नायक म्हणाला, बैल पेरणीवर आहेत, उद्या पाहू. या पोरीचं नाव काय होतं, माहीत आहे? कचरी. उतरवायला त्यात काहीच नव्हतं. नाव घाण होतं, मरणाला फसवायचं सगळं साहित्य तयार होतं, तरी गाडी निघाली नाही.

तेव्हा रुपीला जे कळलं ते तिनं चव्हाट्यावर उभं राहून सांगितलं. "नाव तर नावालेच होतं रे! तुमाले गाडीच द्यायची नव्हती. त्या दिवशी देवी आडवी घातली, आज पेरणी. तखतकंवर असो का कचरी असो, पोरीसाठी तुमचे बैल उठत नाई!"

रुपीनं कचरीला पाठीशी बांधलं, लालीनं पाण्याचा लोटा घेतला, चंदाबाई मागं. पायी निघाल्या, आळीपाळीनं ओझं बदलत, डॉक्टरानं 'पाणी संपलं' म्हटलेलं ध्यानात ठेवून वाटेत पोरीच्या तोंडात मीठ-साखरेचं पाणी सोडत. पोरगी दवाखान्यात पोचली, सुई टोचली, वाचली. आज ती बकऱ्या चारते आणि रुपीला दिसली की जीभ दाखवून पळते.

रुपी म्हातारी नाही, पण वाकली आहे. नेमसिंगला खाणीच्या खोकल्यानं नेलं. ती अजून वेचणीला जाते. तांड्यात पोरगी जन्मली की बोलावणं नसतानाही जाऊन बसते, बाळंतिणीला ढाडीनं सांगितलेली नावं अर्थासकट सांगते, आणि बाळंतीण घाबरून विषय बदलते. रुपी भांडत नाही. फक्त उठताना विचारते, "घरात लोटा कुठं ठेवतं? पाणी उकळून ठेवत जाजो."

वाचणाऱ्या भल्या माणसांनो, तुमच्या दारात बैलगाडी असेल, लहान खाचरगाडी असेल, कोणाची नुसती सायकल असेल. उद्या पावसाळ्यात एखादी बाई अंगावर पोरगी टाकून तुमच्या दारात येईल. तिला नाव विचारू नका, जात विचारू नका, देवी-देव विचारू नका, सांजेलोक थांब म्हणू नका. आधी बैल जुंपा, तिला गाडीत बसवा, आणि हाका.